करंगळीचा धक्का

नांदुऱ्याच्या स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला मोबाइलची दुकानं ओळीनं लागतात. त्यातलं तिसरं आमचं. म्हणजे आता आमचं नाही, पण पाय काही ते मानत नाहीत. परवा एका बारशाला गेले होते, परतीच्या गाडीला तासभर अवकाश होता, तर हे पाय मला सरळ त्या दुकानात घेऊन गेले. गल्ल्यावरच्या पोरानं विचारलं, "काय पाहिजे आजी? रिचार्ज मारू काय?" मी म्हटलं, "काही नको बाप्पा, घडीभर उभी राहते." त्यानं पंखा माझ्याकडे वळवला आणि पुन्हा आपल्या मोबाइलात डोकं घातलं. भला पोरगा होता.

भिंतींना नवा रंग, समोर काचेची कपाटं. पण मागच्या कोपऱ्यात फरशी अजून तीच आणि तिच्यावर बॅटरीच्या ॲसिडनं पडलेले पांढरट डागही तेच. मी चपलेतून पाय काढून एका डागावर ठेवला. गार लागला. आणि मग काय विचारता, सगळं एकदम अंगावर आलं.

त्या जागी माझ्या बाबांचं भोंग्याचं दुकान होतं. भोंगा म्हणजे लाउडस्पीकर. लग्न असो, कीर्तन असो, निवडणूक असो, लोक आधी विचारायचे, "भोंगेवाल्याले सांगतलं काय?" महाराष्ट्र राज्य होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. शाळेतल्या नकाशात अजून जुनंच राज्य होतं आणि गुरुजी पट्टीनं हवेत नवी हद्द दाखवायचे. गावात वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता, म्हणून बाबा सगळं बॅटरीवर चालवत. चावी देऊन फिरवायची रेकॉर्डची पेटी, आवाज मोठा करणारं एक जड लोखंडी मशीन, मोटारीची बॅटरी आणि दोन कर्णे. बॅटरी उचलून उचलून बाबांच्या एकूण एक सदऱ्याला ॲसिडची बारीक भोकं पडलेली. माय म्हणायची, "ह्या माणसाच्या अंगावर चाळणीच घालाले देतो आता."

रेकॉर्डींना वास असतो हे आजच्या लेकरांना सांगून पटणार नाही. उन्हाळ्यात पेटी उघडली की लाखेचा गोडसर, धुळकट वास यायचा. त्या काळ्या तबकड्या फार नाजूक. हातातून पडली की तुकडे, उन्हात राहिली की वाकडी. बाबा लग्नाच्या मांडवात स्वतः उन्हात उभे राहत, पण रेकॉर्डी सावलीत. शेजारच्या गोदामावशी रेकॉर्डीला तवा म्हणायच्या. एकदा माझ्या हातून एक फुटली, बाबा दिवसभर जेवले नाहीत, तर मावशी मायला विचारतात, "तवा फुटला तं एवढं काय झालं वं? मातीचा व्हता काय?"

सुईला आम्ही पिन म्हणत असू. लोखंडाची, बोटाच्या पेरापेक्षा लहान, एक पिन एका गाण्यापुरती. ती बदलली नाही तर रेकॉर्ड खरवडते. वापरलेल्या पिना डब्यात साठायच्या आणि घरातली यच्चयावत कॅलेंडरं, देवांच्या तसबिरी, मायच्या केरसुणीची दोरी, सगळं त्या जुन्या पिनांवर टांगलेलं असायचं. आणि एक गाणं म्हणजे तीन मिनिटं, हे तर आमच्या हाडीमाशी खिळलेलं. माय चुलीवर भात ठेवून दुकानाकडे जाताना सांगायची, "तीन गान्यांनी उतरवजो." आमच्याकडे कधी भात करपला नाही.

दिवाळी झाली की गावात कापसाच्या गाड्या यायला लागत. रस्त्याच्या दोन्ही कडेला बाभळींना कापूस लटकलेला, जिनिंगमधून सरकीचा तेलकट वास, आणि त्यापाठोपाठ लग्नं. बाबांचा दुकानात पायच टिकत नसे. सकाळी पहिली रेकॉर्ड देवाची, हा त्यांचा नियम. मग पोट्टे घोळका करून यायचे, "भोंगेवाले, ते सिनेमातलं लावा ना!" तोच एखादे म्हातारबुवा काठी आपटत, "काऊन बे, मांडव हाय का तमाशा हाय?" बाबा दोघांनाही हो म्हणायचे आणि आळीपाळीनं लावायचे. मधेच माइकवरून सांगायचे, "हॅलो, हॅलो, धाडचे मामा जिथं असतील तिथून जेवाले यावं, त्यांचा जोडा सापडलेला हाय." सगळा मांडव हसायचा. मामा अनवाणी धावत यायचे.

पण बाबांची खरी ओळख होती ती पाठवणीच्या रेकॉर्डीनं. नवरी सासरी निघाली की ते एक ठरलेलं गाणं लावत. गाण्यातली आई उंबऱ्यातून म्हणते, थांब लेकी, कुंकू लावते, ओटी भरते, आता सुखानं जा. आमच्या भागातल्या कितीतरी बाया त्या गाण्यावर रडून सासरी गेल्यात. लोक म्हणायचे, रडू येत नसलं तर नांदुऱ्याचा भोंगा सांगा.

त्या रेकॉर्डीला तडा होता. हे बाबांना ठाऊक होतं आणि आम्हा घरच्यांना. बरोबर "थांब" या शब्दावर सुई अडकायची, पुढं सरकायचीच नाही. दुसरी रेकॉर्ड कुठं मिळेना. मग बाबांनी युक्ती काढली. "थांब" आला रे आला की उजव्या हाताच्या करंगळीनं सुईच्या दांडीला असा हलका धक्का द्यायचा की सुई तडा ओलांडून पुढं जाई आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे. शेकडो पाठवण्या केल्या त्यांनी, एकदाही करंगळी चुकली नाही. गावाला वाटायचं, भोंगेवाल्याची रेकॉर्ड कशी अगदी कोरी आहे. मला लहानपणी त्या करंगळीचा भारी अभिमान होता, आणि ती युक्ती कुणाला सांगायची नाही अशी बाबांची ताकीद होती.

आता ताईचं सांगते. ताई म्हणजे माझी मोठी बहीण कुसुम. ती मॅट्रिकच्या वर्गात होती. आमच्या घराण्यात तोवर कुणी मॅट्रिक झालं नव्हतं, बाई तर सोडाच, बाप्यांतही नाही. ती दुकानात बसून अभ्यास करायची आणि सारखं काहीतरी वाजत ठेवायची. म्हणायची, "गानं चालू असलं की भूमिती बरोबर डोक्यात शिरते." आजही ती एखादं प्रमेय सांगताना मान एका लयीत हलवते. तिला परीक्षा द्यायची होती, पास व्हायचं होतं आणि मास्तरीण व्हायचं होतं. एवढंच तिचं मागणं, ना साडी ना दागिना.

वरवट बकालचं स्थळ आलं. शेतीवाडी चांगली, मुलगा शांत. सुपारी फुटली तेव्हा बाबांनी हात जोडून एकच अट घातली, की पोरीचा फॉर्म भरलाय, परीक्षा होईस्तोवर तिला माहेरी राहू द्या. ताईचे होणारे सासरे मोठ्या मनानं म्हणाले, "देऊ द्या ना जी! आमची काय ना हाय?" लग्न फाल्गुनात निघालं, शिमग्याच्या जरा आधी. परीक्षा त्यानंतर पंधरा दिवसांनी, मलकापूरला.

लग्नाच्या दिवशी नातलग बाबांना म्हणाले, आज तरी भोंगा दुसऱ्याकडे द्या. बाबा म्हणाले, "माह्या पोरीच्या लग्नात परक्याचा भोंगा?" कन्यादानापुरते उठले, बाकी वेळ पेटीपाशी. नवं धोतर, नवा सदरा, एकही भोक नसलेला. मला ते कुणी पाहुणेच वाटत होते.

पंगत बसली. बाबा वाढायला फिरत होते. ताईच्या सासऱ्यांच्या पानात बुंदी वाढता वाढता हळूच म्हणाले, "पाव्हने, पोरीची परीक्षा तेवढी..." सासरे बुंदीचा घास घेत म्हणाले, "आता कायची परीक्षा जी? लगन झालं, पास झाली ते!" अख्खी पंगत हसली. बाबाही हसले. मुलीच्या बापाला दुसरं काय करता येतं? मला असा राग आला, असा राग आला, की बुंदीचं पातेलं त्यांच्या फेट्यावर उपडं करावं.

ताईनं आतून ऐकलं होतं. ती रडली नाही. ट्रंकेतल्या साड्यांच्या घडीतून तिनं परीक्षेचं हॉलतिकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. "तुह्यापाशी ठेव," म्हणाली. "तिकडं नेलं तं चुलीत जाईन. फाडू नको मात्र." मी ते पोलक्यात खुपसलं. त्याचा कोपरा मला दिवसभर टोचत होता.

चारच्या सुमाराला निघायची तयारी झाली. वऱ्हाडासाठी ट्रक, नवरानवरीसाठी भाड्याची जीप. जीपमध्ये पुढं बसल्या होत्या ताईच्या सासऱ्यांच्या आत्याबाई. सत्तरीच्या पुढच्या, कपाळभर कुंकू, सगळं घर त्यांच्या शब्दावर चालायचं. माय ताईच्या गळ्यात पडली, गोदामावशी पडल्या, मी पडले. ताईचे डोळे कोरडे. जीपमध्ये बसल्यावरही ती सारखी कर्ण्याकडं बघत होती. बाबांनी चावी दिली, नवी पिन लावली आणि पाठवणीची रेकॉर्ड ठेवली. मी पेटीपाशीच उभी होते, कारण रडून रडून माझ्यानं गर्दीत उभं राहवत नव्हतं.

आईनं गाण्यात लेकीला हाक मारली. आता "थांब" येणार हे मला ठाऊक होतं. बाबांची करंगळी उचलली गेली. आणि तिथंच राहिली. दांडीपासून वीतभर वर.

"थांब... थांब... थांब... थांब..."

आमच्याकडं निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. कुणी डबा विसरला तर डबा घेऊन मुकाट्यानं मागं पळतील, पण हाक नाही. मारलीच, तर निघालेल्यानं परत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं. आणि इथं दोन-दोन कर्णे नव्या नवरीला मागून हाका मारत होते. स्टेशनापर्यंत आवाज. बाजारातली माणसं उभी राहिली. बँडवाल्यानं तोंडातली पिपाणी काढली.

मी बाबांकडं बघितलं. ते सुईकडं बघतच नव्हते, ते ताईकडं बघत होते. मग त्यांनी तो उचललेला हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताशी जोडला, व्याह्यांसमोर जोडतात तसा.

"अवो, बंद करा ते!" सासरे ओरडले.

"करतो जी," बाबा म्हणाले. आणि जागचे हलले नाहीत.

जीपमधून आत्याबाई उतरल्या. सासरे पुढं झाले, "आत्याबाई, तुमी बसा. तवा अटकला तो. मशीनचं काम हाय."

"मशीनले काय मालूम, हे नवरी हाय का शेजारीन हाय? पन हाक ते हाकच!" आत्याबाई म्हणाल्या. "एक डाव नाई, वीस डाव थांब म्हनलं. तुले आयकू नाई येत काय? उतरव पोरीले."

"पन आत्याबाई..."

"पन नाई अन् बिन नाई! शिमगा तोंडावर हाय. मागून हाक पडलेली सून शिमग्याच्या तोंडी घरात आनतं काय? पाडवा झाल्यावर या न्याले." आणि त्यांनी स्वतः ताईचा हात धरून तिला जीपमधून खाली उतरवलं. ताईच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "भेऊ नको वं माय. माह्या पाठवनीलेबी कोनी असं थांब म्हनलं असतं तं बरं झालं असतं." हे शेवटचं वाक्य त्या वेळी मला कळलं नाही. आता कळतं.

तेव्हा कुठं बाबांनी सुई उचलली. एवढं शांत झालं की रेल्वेच्या फाटकाची घंटा ऐकू आली.

जावई मांडवात येऊन बसला, दोघांनी पाणी घेतलं, आणि वऱ्हाड नवरीशिवाय परत गेलं. मी पोलक्यातलं हॉलतिकीट काढून ताईच्या हातात दिलं. त्या पंधरा दिवसांतलं ताईचं घोकणं अजून माझ्या कानात आहे. मग रोज सकाळची गाडी, ताई आणि बाबा मलकापूरला. ती आत पेपर लिहायची, बाबा बाहेर निंबाखाली बसायचे. पाडवा झाल्यावर सासरचे आले, तेव्हा निघताना कोणतीच रेकॉर्ड वाजली नाही. निकालाचा पेपर स्टेशनावर गाडीनं यायचा. बाबांनी ताईचा नंबर शोधला, त्यावर बोट ठेवलं, मग पान उलटून मागची बाजूही बघितली. रेकॉर्डी वाजवून लागलेली सवय, दुसऱ्या बाजूलाही काही असतं.

खरी गंमत पुढं झाली. वरवट बकालला शाळेत बाई हव्या होत्या, आणि ताईचे सासरे मिशीला पीळ देत गावभर सांगत फिरले, "आमची सून मॅट्रिक हाय." अर्जही त्यांनीच नेऊन दिला. मनुष्य वाईट नव्हता, त्याला कुणीतरी थांब म्हणायला हवं होतं इतकंच.

बाबांचा धंदा मात्र बसला. पुढच्या मोसमात कापसाच्या गाड्या आल्या, लग्नं निघाली, आणि आमच्या दुकानाकडं कुणी फिरकलं नाही. गावात बोललं जाऊ लागलं, "त्याचा भोंगा मागून हाक मारते." ज्यांच्या पोरी त्या गाण्यावर गेल्या होत्या तेही दुसऱ्या गावाहून भोंगा आणू लागले. बाबांनी जर सांगितलं असतं की रेकॉर्ड तडकलेली होती, माझी करंगळी चुकली, तर लोक विसरले असते. पण मग व्याह्यांनी दुसऱ्याच दिवशी जीप पाठवली असती. आणि परीक्षा झाल्यावर सांगितलं असतं, तर पोरीला सासरी टोमणे. म्हणून ते कधीच काही बोलले नाहीत. टांग्यात बसून सिनेमाची जाहिरात करत गावभर फिरायचे. लग्नाची वरात समोरून आली तर टांगा बाजूला घेऊन माइक बंद करायचे. ते मला बघवत नसे. एकदा मी मायला म्हटलं, "मी सांगून टाकतो सगळ्यायले." मायनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "त्यायनं एवढं धरून ठेवलं अन् तू सोडतं काय?"

वर्षं गेली. विजेवरच्या पेट्या आल्या, मग टेपच्या फिती आल्या, गाणं तीन मिनिटांचं राहिलं नाही. ताई त्याच शाळेत मोठी बाई, म्हणजे मुख्याध्यापिका झाली. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला तिनं बाबांचाच भोंगा मागवला. मीही गेले होते. झेंड्याच्या काठीपाशी पोरं रांगेत बसलेली, गाव गोळा झालेला, पुढच्या खुर्चीत थकलेले सासरे. बाबा निंबाला कर्णा बांधत होते. ताई त्यांच्याजवळ गेली आणि इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"बाबा, खरं सांगा. त्या दिवशी तुमी मुद्दाम केलं ना?"

बाबा तार पिळत राहिले. मग म्हणाले, "मी काय केलं? मी तं काईच केलं नाई." तार तोडली, दातांनी टोक सोललं. "सगळे करूनच राह्यले होते वं, कोनी कायी, कोनी कायी. मी म्हनलं, आपन काईच नाई करावं."

"अन् धंदा गेला त्याचं?"

त्यांनी माइक हातात घेतला, दोनदा टिचकी मारली आणि दोन्ही हातांनी ताईपुढं धरला. आयुष्यात पहिल्यांदा लेकीला अहोजाहो करत म्हणाले, "बोला, मोठ्या बाई. चालू हाय."

ताईनं माइक घेतला. भाषण तिचं पाठ होतं. पण लग्नात न रडलेली माझी बहीण तिथं, झेंड्याखाली, माइक हातात धरून रडली, आणि ते रडणं कर्ण्यातून अख्ख्या वरवट बकालला ऐकू गेलं. मी बाबांना खुणेनं म्हटलं, आवाज बारीक करा. बाबा मशीनपाशी उभे होते, हात जोडून. त्यांनी आवाज बारीक केला नाही.